डावा हात

बाहत्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षं एक मास्तर पेटी घेऊन आमच्या सोलापूरच्या शाळेत यायचे. मी तिथं शिकवायची. संमेलनाची गाणी तेच बसवायचे. मुंबईच्या हॉटेलात पियानोवर जॅझ, मग नाटकात ऑर्गन, मग लग्नाचा बँड, असं सगळं वाजवून गावी परतलेले. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा म्हटलं, "मास्तर, हॉटेलात लोक ऐकायचे का हो?"

"न्हाय की, जेवायचे." मग भाता मारणाऱ्या डाव्या हाताकडं बघत म्हणाले, "पन तितं ह्या हातालाबी सूर हुते. हितं ह्यो नुसता वारा भरतोय, बाई."

तालीम संपली की ते पेटी मिटायचे आणि झाकणावर दोन्ही हातांची बोटं चालवत बसायचे. शिपाई कुलूप घेऊन खोळंबायचा. एक सूर ऐकू यायचा नाही, तरी बोटं थांबेपर्यंत मी त्याला दारातच थोपवून धरायची.