खिंडीतला थांबा

वंदनाकाकू, नागपूरचा फ्लॅट रिकामा करून मी आईला घेऊन निघाले, तेव्हा तुम्ही सगळ्या गेटपर्यंत आलात. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. "पोरीकडेच चालली ना मी, रडून काय राहिल्या?" असं आईच तुम्हाला म्हणाली. आता फोनवर ती कशी आहे विचारता आणि मी "मजेत" म्हणते. आज खरं सांगते.

इथे अमेरिकेत, हर्नडनला आल्यावर ती स्टोव्ह बंद करायला विसरायची. नवी जागा आहे, होईल सवय, असं आम्ही धरून चाललो. उन्हाळ्यात जरा चेंज म्हणून तिला कोलोरॅडोला नेलं. तिथे उंच खिंडीपर्यंत जुनी आगगाडी जाते. आईलाच हौस, बाबांसोबत तिनं सगळा देश आगगाडीनं पाहिलेला.

खिंडीत झाडही नव्हतं. नुसता दगड, मळकट बर्फ आणि छातीला पुरू नये इतकी विरळ हवा. फोटोसाठी सगळे उतरले. शिट्टी झाली तसे चढले. आई मात्र फलाटावरच उभी.

"आई, चल, गाडी सुटतेय."

"थांब ना. तुझे बाबा तिकीट काढून राहिले."

खिडकीतून माझी ईशा ओरडली, "मम्मा, व्हॉट इज आजी डूइंग?" कंडक्टर घाई करत होता. मी आईचा हात ओढला, तर तिनं तो हिसडून सोडवला. "त्यांना सोडून कशी येऊ?"

शेवटी मी म्हटलं, "बाबा पुढच्या डब्यात बसलेत." तेव्हा कुठे ती चढली.

खाली येताना मी दरी पाहिलीच नाही. आई दाराकडे बघत होती. कोणी आत आलं की अर्धवट उठायची. खालच्या स्टेशनवर गाडी पूर्ण रिकामी होईपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, "कुठे गेले?"

मी खरं सांगितलं. काकू, त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तुम्ही तिला पाहिलंत ना, अगदी तशीच ती मटकन खाली बसली. तिच्यासाठी बाबा पुन्हा गेले.

आता डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. ती रोज विचारते. मी "येतील" म्हणते. ईशाही शिकलीय: "ही इज कमिंग, आजी."

इतकी वर्षं मी "घरी जाते" म्हणायचे, ते नागपूरला. तिथे आता दुसऱ्यांचे कपडे वाळतात. इथे आईनं खुर्ची दाराकडे वळवून घेतलीय. ती बाबांची वाट बघते आणि मी तिच्याजवळ बसते. घर म्हणाल तर काकू, सध्या एवढंच.