पेटीतला अप्पांचा आवाज

येलवालजवळच्या तळ्याकाठी, चिंचेच्या झाडावर, मी तयार केलेली एक पेटी होती. बेडूक, पक्षी आणि हमरस्त्यावरच्या गाड्या यांचे आवाज ती टिपत असे. तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांना मी शब्द दिला होता: माणसांचं बोलणं पेटी ओळखेल आणि दर सोमवारी चार वाजता कायमचं पुसून टाकेल. तोवर पेटीतल्या मेमरी कार्डावरचं कुणीही ऐकणार नाही.

पेटी झाडाला बांधली त्या मंगळवारी अप्पा, आमचे वडील, शिडी धरायला आले होते. बायकांशी बराच वेळ बोलत उभे होते. शुक्रवारी ते गेले.

सोमवारी टी. नरसीपूरच्या संगमात अस्थी सोडून परतताना मला ते बोलणं एकदम आठवलं. अप्पांचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नव्हता.

"अण्णा, येलवालला चल. चारच्या आत."

"अय्यो, ओल्या कपड्यांनी?" भाऊ म्हणाला. पण त्याने गाडी घराकडे वळवली नाही. प्रत्येक सिग्नलला मी घड्याळ पाहत होते.

पोचलो तेव्हा दहा मिनिटं उरली होती. मी पेटी उघडली, कार्डावर बोट ठेवलं.

"काढ की! सुम्ने, उगाच का उभी? फक्त अप्पांचंच ऐकू."

"त्यांच्या बोलण्यात बायकांचंही मिसळलंय."

"कुणाला कळणार आहे?"

दगडावर कपडे आपटणारी एक म्हातारी वर बघून कन्नडमध्ये म्हणाली, "शिडीवाले यजमान, तुझे वडील, आज नाही आले? त्या दिवशी सुनेचं गाऱ्हाणं त्यांना पोटभर सांगितलं. मग पेटी दिसली आणि मी घाबरले. तर ते म्हणाले, बोला हो, माझी लेक पुसते म्हणाली म्हणजे पुसणारच."

मी बोट काढलं. अण्णा गाडीत जाऊन बसला. चार वाजता पेटीवरचा हिरवा दिवा लागला, थोड्या वेळाने विझला.

त्यानंतरच कार्ड घरी आणलं. त्यावर मंगळवारचा, शिडी टेकल्याचा आवाज आहे. मग काहीच नाही. मग खोकला, दोनदा, आणि बोलण्याआधी अप्पा खाकरायचे तसं खाकरणं. पुढे फक्त पाणी.

खोकला ओळखायला मी पेटीला शिकवलंच नव्हतं. ती माझी चूक. बायकांचे खोकलेही त्यात राहतात. दुरुस्त करायला हवी.

अण्णा दर रविवारी येतो. "केलीस दुरुस्त?" विचारतो. नाही म्हटलं की हेडफोन मागून घेतो.