तेल विकणारा मी

फोनमधला तो म्हातारा मीच होतो. माझी टोपी, माझा सदरा, मागं माझंच वालाचं शेत. बोलणं तेवढं माझं नव्हतं. या तेलानं गुडघे बरे झाले, पुन्हा शेतात उतरलो, असं तो हसत हसत सांगत होता.

झालं असं. भात झोडून झाल्यावर एक जण कॅमेरा घेऊन बांधावर आला. भाताच्या जुन्या जातींबद्दल बोला म्हणाला. घरात बोलायला कुणी नसतं, मी दुपारभर बोललो. त्यातूनच माझा चेहरा आणि आवाज उचलून कुणीतरी ही जाहिरात बनवली. कशी बनवतात ते मला कळत नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी.

मग फोन यायला लागले. वर्षभरात आले नसतील एवढे. दहिवलीच्या बाजारातही लोक थांबवून विचारत. मी प्रत्येकाला सांगितलं, खोटं आहे, घेऊ नका. कुणाला पटेना. मेव्हणा तर म्हणाला, कंपनीनं तोंड बंद ठेवायला सांगितलंय वाटतं.

शेलूला बिल्डिंगमध्ये राहणारा माझा मुलगा मात्र ओळखणार, याची मला खात्री होती. मी आपणहून त्याला फोन करणार नव्हतो. त्यानं करावा आणि म्हणावं, बाबा, हे तुम्ही नाही. मला तेवढंच हवं होतं.

रविवारी त्याचा फोन आला.

"बाबा, एवढं चांगलं तेल आणि आम्हाला बोलला नाहीत? हिच्या आईचे गुडघे धरलेत. एक बाटली मागवा ना."

"पूर्ण बघितलंस?"

"थोडं बघितलं. तुम्हीच आहात की."

घेऊ नकोस, फसवणूक आहे, एवढं सांगून मी फोन ठेवला. शेवटाला तो म्हातारा म्हणतो, बायको रोज संध्याकाळी तेल चोळून देते. मुलाची आई जाऊन किती वर्षं झाली, ते त्याला मी सांगायचं का?

शेजारच्या शेतवाल्याशी माझं बोलणं बंद आहे. बांध कुणी सरकवला यावरून. मी सरकवला नव्हता, आजही तेच म्हणेन. त्या दिवशी ऊन उतरल्यावर मी बांधावर बसलो होतो, तर तो वालातून चालत आला आणि पलीकडं उभा राहिला.

"फोनमधला तो तू नाय," तो म्हणाला.

मी मान वळवली नाही. "कशावरून?"

"मांडी घालून बसलाय तो. तुझा डावा गुडघा बैलानं लाथ मारली तवापास्नं वाकत नाय. मीच उचलून आणला होता तुला." मग म्हणाला, "आनि वैनीचं हसत बोलतो. वैनी गेल्यापास्नं तिचा विषय निघाला का तू उठून जातोस."

मी उठलो नाही.

तो बांधाच्या त्याच्या बाजूला बसला. माझ्या खिशात फोन वाजायला लागला. शेलूचा असणार, बाटलीसाठी. वाजू दिला. डावा पाय आखडला होता म्हणून सरळ पसरला, तो बांध ओलांडून त्याच्या हद्दीत गेला. त्यानं बघितलं आणि जरा सरकून पायाला जागा करून दिली.