सह्या खरवसाविरुद्ध, रतीब त्याच गोठ्यातला

गेल्या महिन्यात बायको एरंडोलला माहेरी गेली आणि सकाळचं दूध आणायचं काम माझ्याकडे आलं. धुळ्यात आमच्या पाचव्या गल्लीच्या टोकाला दगाभाऊंचा गोठा आहे. इतकी वर्षं तिथलं दूध पितोय... गोठा आतून पहिल्यांदाच पाहिला.

दगाभाऊ धार काढत होते. म्हशीच्या तोंडापुढे एक पारडू उभं होतं. म्हणजे पारडाचं नुसतं कातडं... आत पेंढा, पायांच्या जागी काठ्या. म्हैस ते जीव लावून चाटत होती आणि पान्हा सोडत होती.

"चौथ्या दिवशी गेलं, मास्तर. रेडा होता," दगाभाऊ म्हणाले. चीक सगळा स्टँडजवळच्या हॉटेलात गेला, पारडाच्या तोंडी थेंब नाही. मी काही बोलणार तर त्यांनीच विचारलं, "रेडा पोसून काय करू? नगरपालिकेत पाठवू?"

"तिथल्या जागा भरलेल्या आहेत," मी म्हणालो. पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलं. त्याच दिवशी हॉटेलच्या पाटीवर वाचलं, 'ताजा खरवस'... ताजा! कोणाच्या तोंडचा, ते लिहायला पाटीवर जागा पुरली नसावी.

संध्याकाळी अर्ज लिहिला. गावात चीक आणि खरवस विकायला बंदी करा, पारडं उपाशी मारून गोडधोड नको. खाली पहिली सही माझी, आणि कागद घेऊन गल्लोगल्ली निघालो.

कापडवाले शेठजी म्हणाले, "आमच्यात नुकत्याच व्यायलेल्या म्हशीचं दूध पंधरा दिवस चालतच नाही. माझी सही फुकटातली, मास्तर." वकील नानांनी झोकदार सही ठोकली आणि हळूच विचारलं, "बंदी रविवारनंतरच लागेल ना? जावई येताहेत." दया सगळ्यांनाच आली. दया यायला काय लागतं?

नगरपालिकेतले आमचे मेंबर आबा. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पारडांचं शिष्टमंडळ आणा, विचार करू." मग स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. अर्ज विचारार्थ ठेवला गेला... आधीचे कित्येक तिथेच विचारार्थ झोपलेत.

परवा सकाळी कळलं, दगाभाऊंनी पारोळ्याच्या बाजारातून आणलेली म्हैस पहाटे व्यायली. पुन्हा रेडाच. धावत गेलो तर चिकाची बादली फडकं बांधून तयार, आणि पारडू कोपऱ्यात दाव्याला. आईकडे मान ताणून स्वतःचंच दावं चोखत होतं.

मी सह्यांची नक्कल दगाभाऊंच्या नाकासमोर धरली. ते काही बोलायच्या आत त्यांची आई, अक्का, शेणाचे हात पुसत पुढे आली. "वाचा बरं मास्तर, कोन कोन शे."

मी ऐटीत वाचायला लागलो. वकील नाना... "सकायले दोन शेर," अक्का म्हणाली. शेठजी... "दहा शेर, मोठं खटलं शे." पोस्टमास्तर... "दीड शेर, उधार नही." माझा आवाज बसत चालला होता. शेवटी तिनेच विचारलं, "आनि पहिली सही कोनी?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"पारडाना वाटानं दूध पिनारा सगळास्नी सह्या करेल शेतस," अक्का म्हणाली. "पारडाना अंगठा तेवढा राही गया."

आयुष्यभर पेपरात दुसऱ्यांना टोचून लिहिणाऱ्या माणसाला एका अंगठेबहाद्दर बाईने असं उभं-आडवं सोललं!

तसाच उलट पावली निघालो. एकेका सहीवाल्याच्या दारात उभा राहिलो. पारडू सुटेपर्यंत रतीब बंद ठेवा, एवढंच मागितलं. आणि मग गावाची दया पाहिली! एकाला संधिवात, दुसऱ्याच्या घरी पाहुणे. वकील नानांनी तर विचारलं, "सही मागे घेता येईल का?" पारडाच्या जिवाचं असेल तोवर सगळे दयाळू, स्वतःच्या चहाचं आलं की सगळे वकील.

शेठजी मात्र क्षणभर थांबले. मग आत हाक मारून म्हणाले, "उद्यापर्यंत चहा कोरा." शेठजींचे दहा शेर, पोस्टमास्तरांचं दीड, माझं दीड... घरं तीनच, पण संध्याकाळी दगाभाऊंची बादली भरून उरली, आणि नव्या म्हशीची धार अजून काढायचीच होती. दगाभाऊ वैतागून बडबडत होते तेवढ्यात अक्का उठली आणि तिने दावं सोडलं. "नासाडापेक्षा पिवू दे त्याले," एवढंच म्हणाली.

पारडू दोनदा गुडघ्यांवर पडलं. तिसऱ्यांदा आईच्या कासेला अशी ढुशी दिली की म्हैस हलली... आणि मी तोंड फिरवून उगाच पत्र्याच्या छताकडे बघत राहिलो.

हॉटेलची पाटी अजून तिथेच आहे आणि अर्जही नगरपालिकेत सुखरूप आहे. हा एक जीव वाचला म्हणून कोणी हार आणू नयेत, बाकीच्या गोठ्यांत पेंढा भरायचं काम चालूच आहे. संतापही चालूच राहील... पण आता तो आधी आरशासमोर.

आजपासून माझा रतीब पुन्हा सुरू झालाय. दीड शेराऐवजी एक शेर मिळतं. उरलेलं अर्धा शेर दूध ज्याचं होतं, त्याला जातं.