सातव्या पायरीचं वय

त्याला सगळे सनावळी म्हणतात. नदीकाठच्या या पुराण्या शहरात तो एकतीस वर्षं गाईडचं काम करतो आणि समोर येईल त्या दगडाला सन चिकटवतो. बुरूज, पूल, मनोरा, कुणालाही त्याने वयाशिवाय सोडलेलं नाही. "आमच्या लग्नाची तारीख तेवढी विचारू नका त्यांना," असं बायको सांगते.

बावीस वर्षांपूर्वी नदीच्या पायऱ्या उतरताना सातव्या पायरीवर त्याचा उजवा गुडघा अडून बसला. पाहुण्यांसमोर कण्हणं धंद्याला बरं नव्हे, म्हणून त्याने फर्मावलं, "इथे डोळे मिटून शंभरपर्यंत मोजायचं. जुनी पद्धत आहे." पाहुण्यांनी डोळे मिटले, याने बूड टेकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग इतर गाईडांनी उचललं. त्यांचे गुडघे ठणठणीत होते, पण पद्धत ती पद्धत. गेल्या वर्षी पर्यटन कार्यालयाने तिथे पितळी पाटी ठोकली: 'आठशे वर्षांची जिवंत परंपरा.'

यंदा परवान्यासाठी तोंडी परीक्षा आली. नापास होईल त्याचं काम बंद. आणि याला दुसरं काही येत नाही, हे घरादाराला ठाऊक.

"पाटीवर आहे तेच बोला," कचेरीच्या दारापर्यंत सोबत आलेल्या बायकोने बजावलं. "जन्मभर थापा मारल्यात, आज खरेपणाचा झटका येऊ देऊ नका."

परीक्षक बाईंनी विचारलं, "सातव्या पायरीची परंपरा किती वर्षांची?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादं वय पक्कं माहीत होतं. मोह आवरला नाही.

"बावीस. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हापासून."

दाराशी बायकोने कपाळाला हात लावला.

"काका, गुडघा अभ्यासक्रमात नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा विचारते. शेवटचं."

त्याने घसा खाकरला. "आठशे एक."

"पाटीवर आठशे आहे."

"पाटी लागून वर्ष झालं, बाई."

बाईंनी फाईल उघडून पाटीची तारीख पाहिली, मान हलवली आणि परवान्यावर शिक्का मारला. शेरा लिहिला: 'तारखांच्या बाबतीत काटेकोर.'

बाहेर आल्यावर बायकोने तो शेरा दोनदा वाचला.

"अहो काटेकोर, आपलं लग्न कधी झालं?"

"पाटी लावली असतीस," तो म्हणाला, "तर सांगितलं असतं."