नागपंचमीची वाफ

नागपंचमीला आमच्याकडे चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, सगळं वाफेवर. मिरजोळ्याच्या कंपनीतली रात्रपाळी करून आले ती तशीच हळदीच्या पानांवर पातोळे थापायला उभी राहिले. घरातले खाऊन गेले. मग शेजारचे म्हातारे पाद्रीकाका आले. खाता खाता म्हणाले, "आमच्या शास्त्रात माणसाच्या सगळ्या खटाटोपाला हिब्रूत 'हेवेल' म्हटलंय. मराठीत त्याचं 'व्यर्थ' केलं, पण मूळ अर्थ वाफ. दिसते न दिसते तोच विरते."

मी वैतागले. "व्यर्थ कसली? तुमच्या ताटातलं कशावर शिजलंय, काका?"

ते हसले आणि आणखी दोन मागून घेतले.

ते गेल्यावर मी माझ्यासाठी मोदकपात्राचं झाकण उघडलं. आत नुसती हेवेल.