दुधाच्या पिशव्यांशेजारची इंजेक्शनं

वापीकडच्या राखोलीत आमच्या चाळीजवळ फ्रीज एकच, कोपऱ्यावरच्या दुकानातला. आणि वहिनीची इंजेक्शनं थंड ठेवायची होती. सगळं सुरू झालं ते तिथून.

दादा इथल्या धाग्याच्या कंपनीत मशीनवर आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. धुळ्याकडच्या गावातून फोन आला की पहिला प्रश्न तोच. शेवटी दोघं सुरतच्या दवाखान्यात गेले, टेस्ट ट्यूब बाळाचं ठरलं. त्यासाठी वहिनीला रोज संध्याकाळी पोटात सुई घ्यायची होती. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यातून सायन्सला, म्हणून टोचायचं काम माझ्याकडे आलं. नर्सताईंनी शिकवलं होतं, तरी सुई धरून मी घुटमळायचे. वहिनी म्हणायची, "टोच ना गं. मी काय म्हैस आहे का, दावं तोडून पळायला?"

दुकानदारकाका गुजराती, भला माणूस. त्यांनी दुधाच्या पिशव्यांशेजारी औषधाची डबी ठेवू दिली. मी ती स्टीलच्या डब्यात लपवून घरी आणायचे आणि तशीच परत ठेवायचे. हे लपवायचंच असतं, असं मला वाटायचं, कारण सगळेच लपवत होते. वापी एवढी जवळ, पण ओळखीचं कुणी भेटेल म्हणून आमच्याकडची माणसं सुरत, नाशिक गाठतात. सुरतच्या दवाखान्यात वहिनीला आमच्याच चाळीतली, मागच्या ओळीतली शेजारीण दिसली होती. चाळीत सांगून गेली होती, नंदुरबारला भावाकडे जाते म्हणून. दोघींनी पदर ओढून माना फिरवल्या. आणि वापीच्या रस्त्याला बघावं तर हसऱ्या बाळांचे मोठमोठे बोर्ड. दवाखाने वाढले, जाणारे वाढले, बोलणारं कुणी नाही. ज्यांना बाळ झालं नाही, त्यांचा तर बोर्डही नाही.

एका संध्याकाळी मी डबी मागितली तेव्हा गल्ल्यावर काकांची आई होती. दूध घ्यायला बायका उभ्या होत्या. आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वांझणीचं औषध दुधाजवळ नको. लोक त्याच दुधाचा चहा पितात."

मी रिकाम्या हातांनी घरी आले आणि घडलं ते सांगितलं. वहिनीने हाताला लागलेलं पीठ धुतलं, चपला घातल्या आणि निघाली. दादा नुकताच ड्यूटीवरून येऊन तोंड धूत होता. तोही ओल्या तोंडाने मागोमाग आला.

"आजी, माझी डबी द्या," वहिनी म्हणाली. "मी काय चोरी करून राहिली का?"

"बेन, सांजच्या वेळी तमाशा नको."

तेवढ्यात दादा पुढे झाला. घरातसुद्धा मोजकं बोलणारा माणूस तो. म्हणाला, "आजी, औषध हिचं आहे, पण रिपोर्ट माझा खराब आहे. नाव ठेवायचं तर मला ठेवा."

मला हे माहीत होतं. वहिनीलाही माहीत होतं. एका वाक्यात तिला सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती, पण ते वाक्य तिने आजवर उच्चारलं नव्हतं. कमी दादात आणि सुया हिला, याचा मला तेव्हा राग होता, अजूनही आहे. पण त्या संध्याकाळी दादाकडे बघून ऊर भरून आला.

दुकानासमोरच्या बाकड्यावरून एक कामगार हसला, "वा रे मर्द!"

"तू तपासून आलास का?" दादाने विचारलं.

तो बिडी विझवायला लागला. काका आतून आले, आईकडे न बघता त्यांनी डबी वहिनीच्या हातात दिली. वहिनी ती उघड्या हातात धरून चाळभर चालत आली. मी सवयीने दार लोटायला गेले.

"राहू दे उघडं," ती म्हणाली. "टोच."

त्या दिवशी मी घुटमळले नाही.

काही दिवसांनी त्या फ्रीजमध्ये दुसरी डबी आली, मागच्या ओळीतल्या शेजारणीची. ती ठेवायला भरदिवसा आली होती. जाताना वहिनीजवळ थांबून म्हणाली, "ताई, दुखतं का हो फार?"

बाळ राहिलं नाही. सुरतहून फोन आला त्या दिवशी वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दादाने भाकरी केल्या, जाड आणि करपलेल्या. आम्ही त्याच खाल्ल्या. गावाकडचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

दुसऱ्या सकाळी वहिनी स्वतः दूध आणायला निघाली. मी जाते म्हटलं तर ऐकेना, म्हणून तिच्याबरोबर गेले. दुकानात बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुजबुज सुरू व्हायच्या आत तिनेच सांगितलं, "नाही राहिलं."

आजीने दुधाची पिशवी पुढे केली, मान खाली घालून.

वहिनी म्हणाली, "पुन्हा जाणार आहे. फ्रीजमधली माझी जागा कुणाला देऊ नका."